डॉक्सची पीडीएफ बनत नसेल तर लॉग कुठून वाचायचा आणि हात कुठे घालायचा

सॉफ्टवेअरच्या डॉक्सचं, म्हणजे मॅन्युअलचं, एचटीएमएल व्यवस्थित बनतंय, साइट दिसतेय, लिंका चालतायत आणि पीडीएफचं बिल्ड मात्र दर वेळी लाल, म्हणजे फेल, असं झालं की टीममध्ये पहिलं वाक्य येतं ते "पीडीएफ बंदच करून टाकू, कोण वाचतं आता". वाचतात हो. ज्यांच्या मशीनला बाहेरचं नेट जोडायला बंदी आहे ते वाचतात, ज्यांना नेमक्या त्याच जुन्या व्हर्जनचं मॅन्युअल हाताशी हवं असतं ते वाचतात, आणि अख्ख्या मॅन्युअलमध्ये एखादा शब्द पटकन शोधायचा असेल तर पीडीएफ उघडून शोधणं सगळ्यात सोपं. त्यामुळे बंद करायच्या आधी नीट शोधा, कारण खूपदा घोळ एका ओळीतला असतो, फक्त ती ओळ कुठली हे एरर सरळ सांगत नाही.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः स्फिंक्स (साध्या मजकुराच्या फायलींतून डॉक्स बनवणारं टूल) आणि लेटेक (पानं मांडून पीडीएफ बनवणारी प्रणाली) धरून लिहिलंय, कारण सॉफ्टवेअर डॉक्समध्ये हीच जोडी जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त डोकं पण हीच खाते. पॅनडॉक (एका फॉरमॅटची फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणारं टूल) आणि ब्राउझरवाल्या पद्धतींचं शेवटाकडे थोडक्यात आहे.

आधी ठरवा की फुटलं कुठे

पीडीएफ एका दमात बनत नाही. आधी स्फिंक्स तुमच्या आरएसटी किंवा मार्कडाउन (साध्या मजकुरात खुणा टाकून लिहायच्या दोन पद्धती) फायली वाचून त्यांची लेटेकच्या भाषेतली एक मोठी .टेक फाइल लिहितो, आणि मग लेटेक ती फाइल घेऊन तिची पीडीएफ करतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'मेक लेटेकपीडीएफ' ही कमांड दोन्ही एकापाठोपाठ चालवते म्हणून आउटपुट एकत्र येतं आणि गोंधळ होतो. तर पहिलं काम, ते वेगळं करा. नुसतं 'मेक लेटेक' चालवा. हे फेल गेलं तर प्रॉब्लेम स्फिंक्सकडे आहे, म्हणजे एखादं एक्स्टेंशन, एखादी वॉर्निंग (वॉर्निंगला एरर समजायचा पर्याय चालू असेल तर), किंवा लेटेकसाठी जमतच नाही अशी रचना, उदाहरणार्थ लांब टेबलच्या आत दुसरं टेबल. इथले एरर साधे असतात, फाइलचं नाव आणि ओळ नंबर दोन्ही देतात, त्यावर जास्त बोलत नाही.

'मेक लेटेक' पास झालं तर बिल्ड फोल्डरच्या आत लेटेक नावाचा फोल्डर दिसेल, त्यात जा आणि तिथे नुसतं 'मेक' चालवा. आता जे फुटतंय ते शंभर टक्के लेटेकचं. आणि आता लॉग वाचायचा.

लॉग वरून वाचा, खालून नाही

टर्मिनलवर शेवटी जे दिसतं, म्हणजे 'फेटल एरर ऑकर्ड, नो आउटपुट पीडीएफ फाइल प्रोड्यूस्ड' किंवा लेटेकएमकेने (लेटेक लागेल तितक्या वेळा आपणहून चालवणारी कमांड) दिलेला एक्झिट कोड, त्यात कारण नसतं. तो फक्त निकाल आहे. लोक तोच कॉपी करून सर्च करतात आणि मग वीस वेगवेगळी उत्तरं मिळतात ज्यातलं एकही लागू पडत नाही.

त्याऐवजी त्याच फोल्डरमधली .लॉग फाइल उघडा आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. पहिलीच. लेटेकमध्ये एक ब्रॅकेट बंद व्हायचा राहिला की त्यापुढे डझनभर खोटे एरर येतात, ते सगळे त्या पहिल्याची पिल्लं असतात, त्यांच्या मागे लागू नका. एकाच परिच्छेदात १०० एरर झाले की टेक (लेटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्राम) स्वतःच थांबतं, आणि तोपर्यंत स्क्रीनवर काय काय वाहून गेलेलं असतं.

उद्गारचिन्हाच्या ओळीखाली थोड्या अंतरावर इंग्रजी एल, टिंब आणि एक नंबर दिसेल. हा ओळ नंबर .टेक फाइलमधला आहे, तुमच्या आरएसटीमधला नाही. आता .टेक फाइल उघडून त्या ओळीवर जा, बऱ्याचदा आजूबाजूचा मजकूर वाचूनच कळतं की हे कुठल्या पानावरचं आहे. नाही कळलं तर तिथून वर वर जात 'डीटोकनाइज' हा शब्द शोधा, स्फिंक्स प्रत्येक सेक्शनचं लेबल लिहिताना त्यात मूळ डॉक्युमेंटचं नाव आणि मग कोलन आणि मग सेक्शनचं नाव असं टाकतो. म्हणजे वर जाताना जे पहिलं लेबल भेटेल त्यात तुमच्या फाइलचं नाव सापडतं. ही एक गोष्ट माहीत असली तर अर्धा शोध संपला, आणि आश्चर्य म्हणजे फार कमी लोक ती वापरतात.

अजून एक त्रास. टेक लॉगमधली ओळ डीफॉल्टने ७९ अक्षरांवर तोडतं, मग लांब फाइलचं नाव दोन ओळींत विभागलं जातं आणि तुम्ही ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) केलं तर काही सापडत नाही आणि वाटतं की ती फाइल लॉगमध्ये नाहीच. टेक लाइव्ह (लेटेकचा तयार संच) वापरत असाल तर बिल्डच्या आधी 'मॅक्स_प्रिंट_लाइन' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १००० वगैरे करून ठेवा, ओळी अख्ख्या येतात.

आणि सीआयवर (बदल आला की आपोआप बिल्ड चालवणारी यंत्रणा) बिल्ड फेलही होत नाही, पासही होत नाही, नुसतं लटकून राहतं आणि टाइमआउट होतं, असं दिसलं तर बहुधा लेटेक एररवर थांबून प्रश्नचिन्ह दाखवून तुमच्या उत्तराची वाट बघतंय. टेक १९७८ पासूनचं आहे, माणूस टर्मिनलसमोर बसलेला आहे हे त्यात गृहीत आहे. हातात टर्मिनल असेल तर तिथे एक्स टाइप करून एंटर मारा म्हणजे ते बाहेर पडतं. सीआयसाठी 'लेटेकऑप्ट्स' या व्हेरिएबलमधून इंटरॅक्शन नॉनस्टॉपमोडवर ठेवा आणि सोबत 'हॉल्ट-ऑन-एरर' पण द्या म्हणजे पहिल्या एररलाच थांबेल आणि लॉग छोटा राहील.

काही करायच्या आधी एकदा साफ करा

बिल्ड मध्येच तोडलं असेल, कंट्रोल-सी मारलं असेल किंवा डिस्क भरली असेल तर .ऑक्स आणि .टॉक फायली (लेटेक स्वतःसाठी मध्ये लिहितं त्या) अर्धवट राहतात आणि पुढच्या वेळी 'रनअवे आर्ग्युमेंट' किंवा 'फाइल एंडेड व्हाइल स्कॅनिंग' असले एरर येतात जे तुमच्या मजकुरात कुठेच नसतात. मजकूर कितीही शोधला तरी सापडणार नाही कारण तिथे नाहीच ते. 'मेक क्लीन' करा आणि पुन्हा चालवा. लेटेकएमके कधीकधी असंही म्हणतं की करायला काही नाही, सगळं अप-टू-डेट आहे, फक्त मागच्या वेळी एरर होता, त्यालाही हाच उपाय. विंडोजवर अजून एक, आधीची पीडीएफ व्ह्यूअरमध्ये उघडी असेल तर फाइल लॉक असते आणि लेटेकला तीवर लिहिता येत नाही, व्ह्यूअर बंद करा. आणि विंडोजवर मिकटेक (लेटेकचा दुसरा तयार संच) असेल तर लेटेकएमकेला पर्ल ही भाषा लागते, ते वेगळं टाकावं लागतं.

पॅकेज नाही, फॉन्ट नाही

'फाइल अमुक डॉट एसटीवाय नॉट फाउंड' आलं तर लेटेकचं पॅकेज नाहीये एवढंच, सरळ गोष्ट आहे. डेबियन किंवा उबुंटूवर स्फिंक्ससाठी टेक लाइव्हचे लेटेक-रेकमेंडेड, फॉन्ट्स-रेकमेंडेड आणि लेटेक-एक्स्ट्रा हे तीन संच, शिवाय लेटेकएमके आणि टेक-जायर फॉन्ट एवढं लागतं. टेक-जायर हा स्फिंक्स ४ पासून लागायला लागला, त्यामुळे जुनी डॉकर इमेज (सगळी टूल्स आत असलेला तयार डबा) आणि नवीन स्फिंक्स असं झालं की नेमकं तिथेच अडतं. झीलेटेक (युनिकोड नीट समजणारं लेटेकचं इंजिन, लुआलेटेकही तसंच) वापरत असाल तर टेकलाइव्ह-झीटेक, फ्रीफॉन्टचे ओटीएफ फॉन्ट आणि झिंडी (इंडेक्स बनवणारं टूल) हे वेगळे टाका. 'फ्रीसेरिफ कॅनॉट बी फाउंड' हा एरर आला की समजा फ्रीफॉन्ट राहिलाय, आणि सगळं होऊन शेवटी इंडेक्सपाशी मरत असेल तर झिंडी राहिलंय, कारण झीलेटेक आणि लुआलेटेक असताना स्फिंक्स इंडेक्ससाठी आपणहून झिंडी वापरतो.

माझ्या मशीनवर चालतं आणि सीआयवर नाही, या तक्रारीच्या मागे खूपदा टेक लाइव्हचं व्हर्जन असतं. टेक लाइव्ह दर वर्षी नवीन येतं आणि टीएलएमजीआरने (त्याचा पॅकेज मॅनेजर) जुन्या वर्षाच्या इन्स्टॉलवर नवीन वर्षाच्या रिपॉझिटरीतून पॅकेज टाकायला गेलात तर ते साफ नकार देतं. माझं मत विचाराल तर एक डॉकर इमेज ठरवा, तिचा टॅग पक्का करा, आणि लोकलवर पण सीआयवर पण तीच वापरा. स्फिंक्सवाल्यांची स्वतःची लेटेकसकट इमेज आहे, साइझ मोठी आहे पण दर महिन्याला कुठलं पॅकेज राहिलं ते शोधत बसण्यापेक्षा डाउनलोड परवडतं.

एक अक्षर आणि अख्खं बिल्ड खाली

सगळ्यात जास्त बिल्ड यानेच पडतात असं माझं निरीक्षण आहे. स्फिंक्सचं डीफॉल्ट इंजिन पीडीएफलेटेक आहे आणि त्याला युनिकोडमधली मोजकीच अक्षरं माहीत असतात. कोणीतरी फीचरच्या टेबलमध्ये हिरवी टिक असलेली इमोजी टाकली, किंवा चॅटमधून कॉपी-पेस्ट केलं आणि सोबत शून्य रुंदीची स्पेस आली जी एडिटरमध्ये दिसतही नाही, की 'युनिकोड कॅरॅक्टर नॉट सेट अप फॉर यूज विथ लेटेक' येतं. एररमध्ये कंसात यू, अधिकचं चिन्ह आणि कोड दिलेला असतो, तो कोड महत्त्वाचा. अक्षर दिसत नसलं तरी कोडवरून कळतं, म्हणजे २०० आणि शेवटी बी असेल तर ती शून्य रुंदीची स्पेस, २७०५ असेल तर हिरवी टिक.

डॉक्स पूर्ण इंग्रजीत असतील तर ग्रेपने अस्कीच्या (इंग्रजी अक्षरांचा मूळ संच) बाहेरची सगळी अक्षरं एकदा शोधून काढा, काय काय निघतं बघून थक्क व्हाल. नको असलेली काढून टाका. एखादं खरंच हवं असेल तर प्रीअँबलमध्ये (.टेक फाइलच्या सुरुवातीचा सेटिंगचा भाग, तो कॉन्फ डॉट पाय या स्फिंक्सच्या सेटिंग फाइलमधून देतात) 'डिक्लेअरयुनिकोडकॅरॅक्टर' वापरून त्या कोडच्या जागी काय छापायचं ते सांगता येतं. पण अशी दहा-बारा अक्षरं झाली की डागडुजी थांबवा आणि कॉन्फ डॉट पाय मध्ये 'लेटेक_इंजिन' झीलेटेक किंवा लुआलेटेक करा.

प्रीअँबलवरून आठवलं, कॉन्फ डॉट पाय ही पायथन फाइल आहे आणि साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशनंतर यू आला की पायथन त्याला युनिकोड एस्केप समजतो. 'यूजपॅकेज' याची सुरुवातच बॅकस्लॅश आणि यू ने होते. म्हणून 'युनिकोडएस्केप कोडेक कान्ट डीकोड' असा एरर आला तर तो लेटेकचा नाहीच, स्ट्रिंगच्या आधी आर लावून ती रॉ स्ट्रिंग करा, झालं.

तसंच त्याच फाइलमधल्या 'लेटेक_डॉक्युमेंट्स' या सेटिंगमधलं टायटल आणि लेखकाचं नाव. बाकी मजकुरातली अंडरस्कोर, अँपरसँड, टक्का वगैरे चिन्हं स्फिंक्स आपणहून एस्केप करतो पण हे दोन जसेच्या तसे लेटेकमध्ये जातात, त्यामुळे प्रॉडक्टच्या नावात अँपरसँड असेल तर पहिल्याच पानावर बिल्ड पडेल. तिथे चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या.

देवनागरी डॉक्स असतील तर

हे आपल्याला लागणारच म्हणून वेगळं सांगतोय. पीडीएफलेटेकवर देवनागरीचा हट्ट धरू नका, झीलेटेक किंवा लुआलेटेक घ्या. फॉन्ट सेट करताना नुसतं फॉन्टचं नाव देऊन भागत नाही, त्यासोबत स्क्रिप्ट देवनागरी आहे हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं मोडतात, पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी दिसतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. लुआलेटेक असेल तर रेंडरर हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) ठेवा.

आता इथला खरा धोका. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर बिल्ड फेल होत नाही! पीडीएफ बनते, हिरवं दिसतं, आणि आत त्या जागी रिकामं किंवा चौकोन. लॉगमध्ये फक्त 'मिसिंग कॅरॅक्टर: देअर इज नो' अशी ओळ असते जी कोणी वाचत नाही. कोड ब्लॉकमध्ये हे हमखास होतं, कारण कोडसाठीच्या बऱ्याच मोनोस्पेस फॉन्टांत देवनागरी नसतेच, देजावू सॅन्स मोनोत नाही, आणि कोडमधली मराठी कॉमेंट गायब होते. उलटही होतं, काही देवनागरी फॉन्टांत रोमन अक्षरं नसतात मग इंग्रजी शब्द उडतात. टेक लाइव्ह २०२१ किंवा त्यापुढचं असेल तर प्रीअँबलमध्ये 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' ३ करा, मग अक्षर हरवलं की तो सरळ एरर होतो आणि बिल्ड पडतं. पडू दे. वाचणाऱ्याच्या हातात अर्धे शब्द गेलेलं मॅन्युअल पडण्यापेक्षा बिल्ड पडलेलं बरं.

मशीनवर देवनागरी फॉन्ट आहे की नाही हे बघायला एफसी-लिस्टला (फॉन्टांची यादी देणारी कमांड) भाषा मराठी देऊन विचारा. डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये उत्तर बहुधा रिकामंच येतं, नोटोचा देवनागरी फॉन्ट टाका आणि एफसी-कॅश चालवा.

चित्रं

ब्राउझर एसव्हीजी, जिफ, वेबपी सगळं दाखवतो, लेटेकला यातलं काही थेट घेता येत नाही, त्याला पीडीएफ, पीएनजी आणि जेपीईजी आवडतं. 'अननोन ग्राफिक्स एक्स्टेंशन' किंवा 'कॅनॉट डिटरमाइन साइझ ऑफ ग्राफिक' आलं की हेच. रीडमीमधून आलेले बिल्ड पास, कव्हरेज वगैरेचे बॅज हे याचं नेहमीचं उगमस्थान, ते एसव्हीजी असतात आणि वर इंटरनेटवरून येतात. पीडीएफमध्ये बॅजचा उपयोग शून्य, त्यांना 'ओन्ली' डिरेक्टिव्हने एचटीएमएलपुरतं ठेवा आणि मोकळे व्हा.

खरोखरच्या आकृत्यांसाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे एकाच नावाच्या दोन फायली ठेवायच्या, एक एसव्हीजी आणि एक पीडीएफ, आणि डॉक्समध्ये एक्स्टेंशनच्या जागी तारा (*) द्यायचा. मग स्फिंक्स एचटीएमएलला एसव्हीजी आणि लेटेकला पीडीएफ आपणहून उचलतो. आपोआप बदलून हवं असेल तर इमेजकन्व्हर्टर एक्स्टेंशन आहे पण त्याला इमेजमॅजिक लागतं, आणि काही लिनक्सवर इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये पीडीएफवर सुरक्षेसाठी बंदी घातलेली असते, तेव्हा 'नॉट ऑथराइज्ड' येतं आणि लोक लेटेकला शिव्या घालतात. एसव्हीजीसाठी मग स्फिंक्ससाठीचं एसव्हीजी-टू-पीडीएफ कन्व्हर्टर एक्स्टेंशन बरं, ते इंकस्केप, आरएसव्हीजी किंवा कैरोएसव्हीजी यातलं काहीही वापरू शकतं.

मॅक किंवा विंडोजवर चित्र सापडतं आणि लिनक्स सीआयवर नाही, असं असेल तर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा. आणि 'डायमेन्शन टू लार्ज' आलं तर कुठलीतरी लांबी टेकच्या मर्यादेबाहेर गेलीय, ती मर्यादा साधारण १६३८४ पॉइंट म्हणजे पावणेसहा मीटरच्या आसपास आहे, तेव्हा एखाद्या चित्राची रुंदी-उंची बघा, पिक्सेलचा आकडा भलत्याच युनिटमध्ये लिहिला गेलाय का ते बघा.

गणित, याद्या, टेबलं

गणितात मॅथजॅक्स (ब्राउझरमध्ये समीकरणं दाखवणारी लायब्ररी) आणि लेटेक यांचं वागणं वेगळं आहे हे लक्षात ठेवा. मॅथजॅक्सच्या कॉन्फिगमध्ये तुम्ही स्वतःचे मॅक्रो ठरवले असतील तर ते लेटेकला माहीत नाहीत, 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' येणारच, तेच मॅक्रो प्रीअँबलमध्ये पण लिहा. मॅथ डिरेक्टिव्हच्या आत कोणी 'अलाइन' एन्व्हायर्नमेंट टाकलं तर स्फिंक्स त्याच्याभोवती आधीच स्वतःचं वेष्टण घालतो म्हणून 'इरोनियस नेस्टिंग' येतं, तिथे नोरॅप पर्याय द्या. आणि रॉ लेटेकमध्ये हाताने समीकरण लिहिलं असेल तर त्याच्या मधोमध रिकामी ओळ नको, लेटेकसाठी रिकामी ओळ म्हणजे परिच्छेद संपला, आणि गणिताच्या आत परिच्छेद संपलेला त्याला चालत नाही, लगेच 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड'.

'टू डीपली नेस्टेड' हा एरर एपीआय डॉक्समध्ये फार येतो. लेटेक याद्या आणि कोटेशन मिळून सहाच पातळ्या खोल जाऊ देतं, त्यातही एका प्रकारच्या यादीला चारच. मॉड्युल, त्यात क्लास, त्यात मेथड, त्यात पॅरामीटरची यादी, त्यात अजून बुलेट, झाल्या की पातळ्या. 'लेटेक_एलिमेंट्स' मध्ये 'मॅक्सलिस्टडेप्थ' १० केलं की एरर जातो. पण करण्याआधी त्या जागेची आरएसटी नीट बघा, कारण आरएसटीत चुकून दोन स्पेस जास्त पडल्या की तो भाग ब्लॉककोट होतो आणि प्रत्येक ब्लॉककोट एक पातळी खातो. एचटीएमएलमध्ये तो फक्त थोडा आत सरकलेला दिसतो म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. माझ्या मते आधी इंडेंट दुरुस्त करावा, मर्यादा वाढवणं नंतर.

टेबलांचं दुखणं वेगळं, तिथे एरर कमी आणि नुकसान जास्त. ३० ओळींपेक्षा मोठं टेबल स्फिंक्स आपणहून लाँगटेबल करतो, म्हणजे ते पुढच्या पानावर वाहतं, पण ते दोन ओळींच्या मध्ये तुटतं, एका ओळीच्या आत नाही. एकाच खणात अख्खा कोड ब्लॉक आणि तीन परिच्छेद कोंबले असतील तर ती ओळ पानाच्या खाली निघून जाते आणि तेवढा मजकूर छापलाच जात नाही. असं टेबल मोडून साधे सेक्शन करा, वेबवर वाचणाऱ्यांनाही तेच सोपं जातं. 'ओव्हरफुल एचबॉक्स' मात्र नुसती वॉर्निंग आहे, शेकड्याने येतात, बिल्ड त्याने पडत नाही, शोधताना त्या बाजूला ठेवा.

'टेक कपॅसिटी एक्सीडेड' आलं की मेमरी वाढवायला धावू नका. कधीकधी डॉक्युमेंट खरंच अवाढव्य असतं आणि तेव्हा लुआलेटेकवर जाणं सोयीचं, ते मेमरी लागेल तशी घेतं. पण एखादा मॅक्रो स्वतःलाच बोलावत असला तरी हाच मेसेज येतो, तेव्हा अलीकडे प्रीअँबलमध्ये काय बदललं ते आधी बघा.

तरीही सापडत नसेल तर अर्धं-अर्धं करा

लॉग काहीच धड सांगत नसेल तर मुख्य टॉकट्रीमधली (स्फिंक्सची पानांची यादी) अर्धी पानं काढा आणि बिल्ड करा. पास झालं तर दोषी काढलेल्या अर्ध्यात, फेल झालं तर उरलेल्या अर्ध्यात. ६४ पानं असली तरी सहा फेऱ्यांत एका पानावर येता, आणि मग त्या पानातही तसंच करत परिच्छेदापर्यंत. मध्ये तुटलेल्या रेफरन्सच्या वॉर्निंग येतील, त्या तात्पुरत्या आहेत. दोषी दोन ठिकाणी असतील तर दोन्ही अर्धे फेल होतात, घाबरू नका, एक सापडवून दुरुस्त करा आणि परत सुरू करा.

लेटेक नसेल तर

पॅनडॉकही डीफॉल्टने पीडीएफलेटेकच वापरतं त्यामुळे वरचं युनिकोडचं सगळं तिथेही लागू, फक्त 'पीडीएफ-इंजिन' पर्यायात झीलेटेक द्यायचं. एरर समजत नसेल तर आउटपुट पीडीएफऐवजी .टेक फाइल मागा आणि ती स्वतः कंपाइल करून बघा. वीझीप्रिंट (एचटीएमएलवरून पीडीएफ करणारं टूल) वापरत असाल तर ते पँगो लायब्ररीवर चालतं, 'कॅनॉट लोड लायब्ररी' आलं तर पिपने परत इन्स्टॉल करून काही होणार नाही, सिस्टिमची लायब्ररी टाकावी लागते. हेडलेस क्रोमियम (खिडकी न उघडता चालणारा ब्राउझर) डॉकरमध्ये मध्येच मरत असेल तर शेअर्ड मेमरी बघा, डॉकर तिला डीफॉल्टने फक्त ६४ एमबी देतो, ती वाढवा. आणि ब्राउझरवाल्या पद्धतीत चित्रं गायब असतील तर लेझी लोडिंग बंद करून बघा, पान स्क्रोल होत नाही म्हणून ती लोडच झालेली नसतात. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ अजून कुठे चालू असेल तर त्याच्या एररांवर वेळ घालवू नका, तो प्रोजेक्ट २०२३ मध्ये आर्काइव्ह झालाय, दुसरीकडे हलवा.

सीआयमध्ये काय ठेवायचं

पीडीएफ बिल्ड फक्त रिलीझच्या दिवशी चालत असेल तर त्या दिवशी तीन महिन्यांचे बदल एकत्र तपासावे लागतात, तेव्हा ते प्रत्येक मर्ज रिक्वेस्टला (बदल मूळ शाखेत घ्यायची विनंती) चालवा, दोषी ओळ त्याच डिफमध्ये असते. वेळ लागतो म्हणून नको वाटत असेल तर निदान रोज रात्री एकदा. जबरदस्तीने पुढे जायचा लेटेकएमकेचा पर्याय लावून हिरवं करू नका, त्याने एरर असूनही पीडीएफ बनते आणि आत काय सुटलं ते कोणालाच कळत नाही. काही होस्टिंग सेवा आपल्या बाजूने असं करतात, म्हणून तिथलं हिरवं बघून समाधान मानू नका, तिथला लॉग पण एकदा उद्गारचिन्हासाठी तपासा.

बिल्ड झाल्यावर पॉपलरची (पीडीएफ हाताळणारी लायब्ररी) छोटी टूल्स वापरून फाइल तपासता येते. पीडीएफइन्फो पानांची संख्या देतं, ती अचानक निम्मी झाली तर काहीतरी गळलंय. पीडीएफफॉन्ट्स सांगतं की फॉन्ट एम्बेड झालेत का. आणि बिल्ड फेल झालं तरी .लॉग आणि .टेक या दोन्ही फायली आर्टिफॅक्ट म्हणून अपलोड होतील अशी सेटिंग करा, बहुतेक सीआयमध्ये स्टेप फेल झाली की पुढच्या स्टेप चालत नाहीत, त्यामुळे अपलोडच्या स्टेपला "काहीही झालं तरी चालव" हे मुद्दाम सांगावं लागतं.